विद्यापीठीय अध्यापनात व्हिडिओ: कॅमेऱ्याआधीचं काम आणि कॅमेऱ्यानंतरचं

साठ मिनिटांचा तास मागच्या बाकावरून रेकॉर्ड करायचा, फाइल कोर्सच्या पानावर चढवायची आणि "आम्ही व्हिडिओही वापरतो" म्हणून मोकळं व्हायचं, हा प्रकार बहुतेक विभागांत चालतो. आजारी पडलेल्या किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री जागे झालेल्या विद्यार्थ्याला अशा रेकॉर्डिंगचा उपयोग होतो, ते नाकारायचं कारण नाही. पण ती झाली नोंद. शिकवण्यासाठी बनवलेला व्हिडिओ वेगळा असतो, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मेहनत कॅमेऱ्यासमोर होतच नाही. व्हिडिओ बघण्याआधी विद्यार्थ्याला कोणता प्रश्न पडलेला असेल आणि बघून झाल्यावर तो काय करणार, हे ठरवण्यात ती खर्ची पडते. इथल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. यंत्रसामग्रीचा विषय मधे येतो, आणि तोही थोडक्यात.

1. व्हिडिओ हवाच आहे का, हे आधी बघा

व्याख्या, नियमांची यादी, गुणांकनाची पद्धत, लांबलचक सिद्धता या गोष्टी कागदावर चांगल्या. वाचणारा आपल्या वेगाने जातो, मागे येतो, नको ते गाळतो. व्हिडिओत हे सगळं त्रासाचं होतं. व्हिडिओ खरा उपयोगी पडतो तो चार ठिकाणी: हालचाल समजून घ्यायची असते तिथे (पेशीविभाजन, लाटांचं अध्यारोपण, शस्त्रक्रियेतली गाठ), हाताचं कसब दाखवायचं असतं तिथे (उपकरण जुळवणं, टायट्रेशनचा शेवटचा थेंब ओळखणं), वर्गात आणता येत नाही असं काही दाखवायचं असतं तिथे, आणि एखादं गणित किंवा विश्लेषण सोडवताना जाणकार माणूस मनात काय विचार करतो हे ऐकवायचं असतं तिथे. या चौथ्या प्रकाराकडे फार कमी लोक लक्ष देतात. "इथे मला वाटलं आधी हे समीकरण वापरावं, पण एकक जुळेना, म्हणून सोडलं" हे वाक्य पुस्तकात छापलेलं सापडत नाही.

मग एक वाक्य लिहून काढा: "हा व्हिडिओ पाहून विद्यार्थी अमुक करू शकेल." 'समजेल' किंवा 'ओळख होईल' ही क्रियापदं चालणार नाहीत. काढेल, ओळखेल, निवडेल, तुलना करेल, चूक शोधेल, असं काहीतरी हवं. वाक्य जमत नसेल तर व्हिडिओ बनवायची वेळ अजून आलेली नाही.

दुसऱ्या कुणाचा चांगला व्हिडिओ उपलब्ध असेल तर तो वापरायला लाजू नका. पण दुवा देऊन सोडून देऊ नका. कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत बघायचं, त्यात कोणती संज्ञा आपल्या पाठ्यक्रमापेक्षा वेगळी वापरली आहे आणि बघताना कशाचं उत्तर शोधायचं, एवढ्या तीन ओळी सोबत लिहा.

2. आधी प्रश्न, मग स्पष्टीकरण

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या शैक्षणिक व्हिडिओंवर पीएच.डी. केली, प्रबंध 2008 चा. त्यांच्या प्रयोगांतला निष्कर्ष प्रत्येक प्राध्यापकाने टेबलावर चिकटवून ठेवावा असा आहे. सरळ, स्वच्छ, सुबोध स्पष्टीकरणाचा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, 'स्पष्ट' वाटला, पण नंतरच्या चाचणीत त्यांची प्रगती नगण्य होती. ज्या व्हिडिओंत आधी विद्यार्थ्यांचे नेहमीचे गैरसमज बोलून दाखवले आणि मग ते खोडले, ते बघताना डोक्याला जास्त ताण पडला, आणि शिकणंही जास्त झालं. कारण उघड आहे. विषय ओळखीचा वाटला की माणूस कान बंद करतो. "हे मला येतं" म्हणत तो बघतो आणि स्वतःची जुनी चुकीची कल्पनाच घट्ट करून उठतो.

संख्याशास्त्रातलं उदाहरण घेऊ. स्टँडर्ड डेव्हिएशन (एकेक मापं सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत त्याचं माप) आणि स्टँडर्ड एररमधला फरक शिकवायचा आहे. नेहमीची सुरुवात अशी असते:

"नमस्कार विद्यार्थी मित्रांनो. मागील व्हिडिओमध्ये आपण प्रसरणाची मापने पाहिली. आजच्या व्हिडिओमध्ये आपण स्टँडर्ड एरर ही अत्यंत महत्त्वाची संकल्पना सविस्तरपणे समजून घेणार आहोत. सर्वप्रथम व्याख्या पाहू."

पाऊण मिनिट गेलं, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात अजून काहीच हललेलं नाही. आता हीच सुरुवात अशी करून बघा:

"एक यंत्र सळया कापतं. आपण 25 सळया मोजल्या. लांबीचं स्टँडर्ड डेव्हिएशन आलं 10 मिलिमीटर. आता त्याच यंत्राच्या 100 सळया मोजायच्या. स्टँडर्ड डेव्हिएशन वाढेल, कमी होईल, की साधारण तेवढंच राहील? व्हिडिओ थांबवा. उत्तर लिहा, आणि एका ओळीत कारणही लिहा."

पाच सेकंद शांतता. मग:

"बरेच जण म्हणतात, कमी होईल. माहिती चौपट झाली, मग अनिश्चितता कमी व्हायलाच हवी. बरोबर वाटतं ना? पण यंत्राची कापायची सवय तर बदललेली नाही. सळया एकमेकींपासून पूर्वी जेवढ्या वेगळ्या होत्या, आजही तेवढ्याच वेगळ्या आहेत. म्हणून स्टँडर्ड डेव्हिएशन 10 च्या आसपासच राहील. कमी झाली आहे ती सरासरीची डळमळ. 10 भागिले 25 चं वर्गमूळ म्हणजे 2. 10 भागिले 100 चं वर्गमूळ म्हणजे 1. सरासरीच्या या डळमळीच्या मापाला म्हणतात स्टँडर्ड एरर."

नाव शेवटी आलं. नाव येण्याआधी त्याची गरज निर्माण झाली होती. चुकीचं उत्तर मूर्खपणाचं वाटू न देता, त्यामागचा तर्क आधी प्रामाणिकपणे मांडला गेला, हेही लक्षात घ्या. असे गैरसमज कुठे मिळतात? उत्तरपत्रिकांत. मागच्या परीक्षेचा गठ्ठा घेऊन बसा आणि पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका वेगळ्या काढा. व्हिडिओंची यादी तिथेच तयार होते.

3. लांबी: सहा मिनिटांचं सूत्र आणि त्याची मर्यादा

'व्हिडिओ सहा मिनिटांच्या आतच हवा' हा नियम आता सगळ्यांच्या तोंडी आहे. तो आला फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांच्या 2014 च्या अभ्यासातून. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची 69 लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. पण ते विद्यार्थी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे होते, ज्यांना मधेच सोडून जायला कुणाची आडकाठी नव्हती. शिवाय मोजलं गेलं ते बघणं, शिकणं नव्हे. तेव्हा सहा मिनिटं म्हणजे दगडावरची रेघ मानू नका. एका व्हिडिओत एकच कल्पना घ्या, हा त्यातून घ्यायचा खरा अर्थ. ती चार मिनिटांत संपली तर चारच. अवघड सिद्धतेला अकरा लागली तर अकरा, पण मधे थांबे ठेवून.

एका कल्पनेच्या व्हिडिओचा आणखी एक फायदा वर्षभराने कळतो: एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो.

4. संहिता लिहा, आणि मोठ्याने वाचा

"मी वीस वर्षं शिकवतोय, मला संहिता कशाला?" हे ऐकायला मिळतं. वर्गात समोरचे चेहरे बघून आपण सावरून घेतो. कॅमेऱ्यासमोर चेहरे नसतात, म्हणून पाल्हाळ वाढतं. शब्दशः नाही तर निदान वाक्यांचे मुद्दे लिहा. शब्दशः लिहिलंत तर बोलीत लिहा. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत औपचारिक भाषेपेक्षा 'तुम्ही', 'आपण' अशा संवादाच्या भाषेत समजावलेलं जास्त चांगलं समजतं असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मोठ्याने वाचताना जिथे श्वास अपुरा पडतो, तिथे वाक्य तोडा.

एक चाळणी मात्र नक्की लावा. "पुढच्या सोमवारच्या चाचणीत", "पान 143 वर", "या वर्षी", "व्हिडिओ क्रमांक सातमध्ये बघितल्याप्रमाणे" अशी नाशवंत वाक्यं व्हिडिओतून काढा आणि कोर्सच्या पानावर मजकुरात लिहा. मजकूर क्षणात बदलता येतो. एका तारखेपायी अख्खा व्हिडिओ पुन्हा करावा लागतो.

5. पडद्यावर काय असावं

पडद्यावर परिच्छेद आणि तोंडाने तोच परिच्छेद, ही सर्वात रुळलेली आणि सर्वात वाईट सवय. डोळे वाचतात एका वेगाने, कान ऐकतात दुसऱ्या, आणि दोन्हींची ओढाताण होते. बोलणं कानाला द्या, आकृती डोळ्यांना द्या. आकृतीतल्या भागांची नावं त्या भागालाच चिकटवा. कोपऱ्यात 'अ, ब, क' ची सूची दिली की नजर सतत ये-जा करत राहते. शोभेचं चित्र, पार्श्वसंगीत, फिरत येणारी अक्षरं यांना रजा द्या.

तयार आकृती एकदम दाखवण्यापेक्षा बोलता बोलता हाताने काढलेली जास्त पकड घेते. गुओ यांच्या अभ्यासातही टॅब्लेटवर लिहीत शिकवलेले व्हिडिओ नुसत्या स्लाइडच्या व्हिडिओंपेक्षा जास्त बघितले गेले. अक्षर चांगलं असायलाच हवं असं नाही, वाचता आलं पाहिजे. स्लाइड तयार झाली की ती मोबाइलवर उघडा आणि हात लांब करून धरा. अक्षर वाचता येत नसेल तर मजकूर कमी करा. फाँट बारीक करून सगळं कोंबण्याचा मोह आवरा.

कोपऱ्यातल्या चौकटीत आपला चेहरा ठेवावा का? मेयर यांच्या मते चेहरा नुसता दिसत राहिल्याने शिकण्यात विशेष भर पडतेच असं नाही. माझा कल असा: कोर्सच्या पहिल्या व्हिडिओत आणि प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला चेहरा पूर्ण पडद्यावर दाखवा, म्हणजे शिकवणारं माणूस कोण ते कळतं. गुंतागुंतीची आकृती आली की बाजूला व्हा.

6. रेकॉर्डिंग: पैसे आणि वेळ आवाजावर

चित्र थोडं धूसर असलं तर विद्यार्थी चालवून घेतो. घुमणारा आवाज तो दोन मिनिटांत बंद करतो. म्हणून खरेदी करायचीच असेल तर आधी कॉलरचा साधा माइक घ्या, कॅमेरा नंतर. माइक तोंडापासून एक वीतभर अंतरावर असावा. पडदे, कपडे, पुस्तकं असलेली लहान खोली निवडा. मोकळ्या भिंतींचा मोठा वर्ग घुमतो. पंखा बंद, फोन विमान मोडवर. खिडकी समोर असावी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळवंडतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा, त्यासाठी लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं पुरतात. पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

सुरुवातीला तीस सेकंद बोलून रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. ही तपासणी टाळून पूर्ण व्हिडिओ संपवणारे नंतर पस्तावतात.

बोलताना चुकलात तर थांबू नका. एक टाळी वाजवा, दोन सेकंद शांत राहा आणि ते वाक्य सुरुवातीपासून पुन्हा म्हणा. संपादन करताना आवाजाच्या आलेखात टाळीचा उंच सुळका लगेच दिसतो आणि कापायची जागा शोधावी लागत नाही.

7. संपादन: थोडं करा

सुरुवातीचं खाकरणं, शेवटचं माऊस शोधणं आणि टाळ्यांच्या जागा एवढं कापा. सफाईच्या मागे फार लागू नका. शाना कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एकाच मजकुराचे दोन व्हिडिओ दाखवले: एकात शिक्षिका अस्खलित, नजरेला नजर देत बोलते, दुसऱ्यात अडखळत, कागदात बघत. अस्खलित व्हिडिओ बघणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. प्रत्यक्ष आठवण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. "खूप छान झालाय व्हिडिओ, सर" या प्रतिक्रियेची किंमत यावरून ठरवा.

8. सबटायटल, आणि ज्यांचं नेट संथ आहे ते

संगणकाने आपोआप केलेली सबटायटल साधी वाक्यं बरी पकडतात आणि नेमक्या पारिभाषिक संज्ञा बिघडवतात. म्हणजे जिथे मदत हवी तिथेच घोळ. संहिता लिहिलेली असेल तर तीच फाइल चढवा, काम दहा मिनिटांचं होतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला सबटायटल असणं ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे, आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण दुसऱ्या पातळीवर किमान 4.5 ला 1 मागितलं आहे. पांढऱ्यावर पिवळं लिहिणाऱ्यांनी हे वाचावं.

बोलतानाही एक सवय लावा. "हे इथून असं इकडे जातं" याऐवजी "रक्त उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत जातं" म्हणा. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला ते लागतंच, आणि प्रवासात नुसतं ऐकणाऱ्यालाही.

फाइलच्या आकाराचा हिशेब सोपा आहे. सहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला 2 मेगाबिट या दराने साठवला तर सुमारे 90 एमबी होतो. अर्ध्या मेगाबिटने साधारण 23 एमबी. स्लाइड आणि हस्ताक्षराच्या व्हिडिओत पडद्यावर फार काही हलत नसल्याने कमी दरातही अक्षरं वाचता येतात. दुसरी, हलकी प्रत डाउनलोड करता येईल अशी ठेवा, आणि सोबत संहितेची पीडीएफ.

9. बघता बघता काम द्या

कार्ल स्पुनार, नोव्हल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी 2013 मध्ये संख्याशास्त्राचं सुमारे 21 मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाची प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी घेतली. त्या गटाचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेत ते पुढे राहिले. तेव्हा दर तीन-चार मिनिटांनी एक प्रश्न ठेवा. एचफाइव्हपीसारख्या साधनाने व्हिडिओ आपोआप थांबतो आणि प्रश्न समोर येतो. साधन नसेल तर तोंडी सांगा: थांबवा, लिहा. प्रश्न मात्र "मी आत्ता कोणता शब्द वापरला?" असा स्मरणाचा नको, पुढे काय होईल, हे उदाहरण त्यात बसतं का, या पायरीत चूक कुठे आहे, असा हवा. चुकलेल्या पर्यायाला 'चूक' एवढाच शेरा न देता, तो पर्याय का पटतो आणि कुठे फसतो ते दोन ओळींत लिहा.

10. दुसऱ्या दिवशीचा तास

इथे सगळ्यात जास्त प्रयोग फसतात. विद्यार्थी व्हिडिओ न बघता येतात, प्राध्यापकांना राहवत नाही, आणि ते तोच भाग फळ्यावर पुन्हा शिकवतात. झालं. बघून आलेल्यांना कळतं की बघायची गरज नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात तेही बघत नाहीत. व्हिडिओतला मजकूर तासाला पुन्हा शिकवायचा नाही, हा नियम कठोरपणे पाळा.

त्याऐवजी आदल्या रात्रीपर्यंत एका फॉर्ममध्ये दोनच गोष्टी मागवा: एका प्रश्नाचं उत्तर, आणि "अजून काय अडलंय" याची एक ओळ. सकाळी ती उत्तरं डोळ्यांखालून घाला. तासाची सुरुवात सर्वांत जास्त जणांनी चुकवलेल्या प्रश्नाने करा, जोडीजोडीने चर्चा करायला लावा, मग त्याहून अवघड उदाहरण द्या. जे बघून आले नाहीत त्यांना वर्गाच्या मागे बसून मोबाइलवर बघू द्या आणि नंतर गटात या म्हणावं. चिडण्याची गरज नाही.

वेळेचाही हिशेब ठेवा. आठवड्याला अर्ध्या तासाचे व्हिडिओ वाढवले, तर तेवढंच वाचन किंवा गृहपाठ कमी करा. प्रत्येक विषयाने आपापला अर्धा तास वाढवला तर विद्यार्थ्याच्या पदरात काय पडतं, ते बेरीज करून पाहा.

11. वर्गातच दाखवायचा असेल तर

दोन-तीन मिनिटांची फीत पुरे. दाखवण्याआधी काय शोधायचं ते सांगा. आधी आवाज बंद करून दाखवा आणि विद्यार्थ्यांना निवेदन करायला लावा. प्रयोगाच्या, मुलाखतीच्या किंवा वर्तननिरीक्षणाच्या फितीला ही युक्ती छान लागू पडते. निर्णायक क्षणाआधी थांबवा, अंदाज विचारा, हात वर करायला लावा, मग पुढे चालू करा. फीत आधीच डाउनलोड करून ठेवा. जाहिरात संपायची वाट बघत सत्तर जण बसलेत, हे दृश्य टाळता येण्यासारखं आहे.

12. आकडे वाचताना

किती जणांनी कुठपर्यंत पाहिलं, याचा आलेख बहुतेक व्यवस्था दाखवतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात मोठी गळती दिसली तर प्रस्तावना लांबली आहे. मधेच एखाद्या जागी पुन्हा पुन्हा बघितल्याचा उंचवटा दिसला तर दोन शक्यता: तो भाग महत्त्वाचा आहे, किंवा तुम्ही तिथे घाई केली आहे. त्या जागेवरचा प्रश्न किती जणांनी चुकवला ते पाहिलं की यातलं कोणतं खरं ते कळतं.

बघण्याच्या वेळेला गुण देऊ नका. व्हिडिओ एका खिडकीत चालू आणि विद्यार्थी दुसऱ्या खिडकीत, एवढंच साध्य होतं. गुण द्यायचे तर उत्तराला द्या. आणि कुणी दीडपट वेगाने बघत असेल तर बघू द्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगांत दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारसा तोटा झाला नाही. वेग वाढवून सहज कळत असेल, तर कदाचित तुम्हीच फार सावकाश बोलताय.

13. देखभाल

मूळ फाइली, स्लाइड आणि संहिता एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नावात विषय, घटक आणि कल्पना लिहा, 'अंतिम_नवीन_2' नको. वर्गाचं रेकॉर्डिंग असेल तर ज्यांचा चेहरा किंवा आवाज येतो त्या विद्यार्थ्यांची संमती घ्या. दुसऱ्याची आकृती वापरली असेल तर परवाना तपासा, आणि तुमच्या व्हिडिओंची मालकी तुमची की संस्थेची, हे बनवण्याआधी विचारून घ्या. सत्र संपलं की यादी काढून तीन खुणा करा: राहू द्या, पुन्हा करा, काढून टाका. एका सत्रात दोन-तीनच व्हिडिओ नव्याने करा, म्हणजे काम अंगावर येत नाही. नवा व्हिडिओ जुन्याच्याच दुव्यावर बदलता येत असेल तर तसाच बदला. येत नसेल, तर जुना लगेच पुसून टाकू नका. आधी त्याच्या खाली नव्याचा दुवा लिहा आणि मागच्या बॅचची फेरपरीक्षा होईपर्यंत तो तिथेच राहू द्या.